मारेक दुप्नित्सा : रिलाच्या पायथ्याचा एक क्लब

मारेक दुप्नित्सा या फुटबॉल क्लबच्या नावासोबत स्थापनेचे साल 1915 असे लिहिले जाते. त्या साली ‘मारेक’ नावाचा क्लब मात्र कुठेच नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. ज्या माणसावरून पुढे हे नाव पडले तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि ‘मारेक’ हे टोपणनाव त्याला अजून मिळायचे होते. तरीही साल चुकीचे नाही. दुप्नित्सा गावात संघ बांधून, नियम लावून फुटबॉल खेळायला सुरुवात झाली ती तेव्हा. पुढे नावे बदलली, मालक बदलले, राज्यव्यवस्था दोनदा बदलली, खुद्द गावाचेही नाव बदलून परत आले. हे सगळे एकाच संस्थेच्या खात्यावर मांडायचे, असे गावाने ठरवले आहे. इतिहास लिहिणाऱ्याने ते मानावे हे बरे.

दुप्नित्सा हे बल्गेरियाच्या नैर्ऋत्येचे गाव. राजधानी सोफियाच्या दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, रिला पर्वताच्या पायथ्याशी, जेरमान नदीच्या काठावर वसलेले. सोफियाहून ग्रीसच्या सीमेकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही इथून जातात. 1878 साली बल्गेरियाचे स्वायत्त राज्य झाले तेव्हा तुर्की साम्राज्याची हद्द या गावाच्या थोड्याच दक्षिणेला राहिली आणि 1912 च्या बाल्कन युद्धापर्यंत ती तिथेच होती. त्यामुळे सैनिक, निर्वासित, व्यापारी आणि बंडखोर यांची ये-जा गावाच्या अंगवळणी पडलेली. शिवाय पीक तंबाखूचे. स्ट्रुमा नदीच्या खोऱ्यातली तंबाखू वखारींत आणायची, पान पान निवडायचे, वाळवायचे, गठ्ठे बांधायचे, हे काम शेकडो हातांचे. अशा गावात कामगार चळवळ लवकर रुजते, तशी ती इथेही रुजली. क्लबच्या नावाचा उगम त्या चळवळीत आहे.

फुटबॉल बल्गेरियात आला तो शाळेच्या वाटेने. 1890 च्या दशकात सरकारने व्यायामशिक्षणासाठी स्वित्झर्लंडहून तरुण शिक्षक बोलावले. त्यांपैकी जॉर्ज द रेजिब्यूस यांनी 1894 साली काळ्या समुद्राकाठच्या वार्ना शहरात, तिथल्या शाळेतल्या मुलांना या खेळाची ओळख करून दिली. राजधानीत चेंडू पोचायला आणखी पंधरा वर्षे गेली. 1909 मध्ये साव्हा किरोव्ह नावाच्या तरुणाने तो इस्तंबूलहून आणला, आणि सुरुवातीला मुले या खेळाला ‘रिता-तोप’ म्हणजे सरळ लाथ-चेंडूच म्हणत. त्यानंतर मात्र वेग वाढला. 1912 मध्ये प्लोव्हदिव्हचा बोतेव्ह, 1913 मध्ये सोफियाचा स्लाविया, 1914 मध्ये लेव्स्की. आजही चालू असलेल्या या तीन मोठ्या क्लबांच्या पाठोपाठ, लगेच पुढच्याच वर्षी, एका तंबाखूच्या गावाने संघ उभा करावा हे विशेष आहे. आणि वेळ कसली, तर ऑक्टोबर 1915 मध्ये बल्गेरिया पहिल्या महायुद्धात उतरला. खेळायच्या वयाची मुले थेट आघाडीवर गेली.

दोन महायुद्धांमधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. 1923 साली देशाचा फुटबॉल संघ, म्हणजे महासंघ, स्थापन झाला. 1924 मध्ये राष्ट्रीय संघाने व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध पहिला सामना खेळला आणि 0-6 असा हरला. प्रांतोप्रांतीचे विजेते एकमेकांशी बाद पद्धतीने खेळून राष्ट्रीय विजेता ठरत असे. गावागावांत एकाऐवजी दोन-तीन क्लब होते. कोणाचा गट व्यापाऱ्यांच्या मुलांचा, कोणाचा कामगारांचा. दुप्नित्साही याला अपवाद नव्हते.

1944 च्या सप्टेंबरात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सत्तांतर झाले आणि खेळाच्या सगळ्या संस्था नव्याने मांडल्या गेल्या. छोटे क्लब एकमेकांत विलीन करायचे, प्रत्येकाला एखाद्या कारखान्याच्या, खात्याच्या किंवा कामगार संघटनेच्या आश्रयाला बसवायचे, हे धोरण. दुप्नित्सातले जुने क्लबही युद्धानंतरच्या वर्षांत एकत्र आले आणि त्या एकत्र झालेल्या क्लबचे नाव पडले मारेक.

मारेक म्हणजे स्टांके दिमित्रोव्ह. जन्म 1889, याच गावचा. कम्युनिस्ट चळवळीतला कार्यकर्ता, 1923 च्या सप्टेंबर उठावातला सहभागी, पुढे देशाबाहेर पडून सोव्हिएत संघात गेलेला. ‘मारेक’ हे त्याचे भूमिगत काळातले नाव. 1944 च्या ऑगस्टमध्ये ब्र्यान्स्कजवळ विमान कोसळून तो मेला; ज्या सत्तांतरासाठी आयुष्य घालवले ते त्यानंतर दोनच आठवड्यांनी झाले. नव्या राजवटीने गावालाही त्याचेच नाव दिले. त्या काळी हे सर्रास होते. वार्ना काही वर्षे ‘स्टालिन’ होते, शेजारचे खाणींचे पेर्निक ‘दिमित्रोव्हो’ होते, आणि दक्षिणेची गोर्ना जुमाया ‘ब्लागोएव्हग्राद’ झाली ती कायमचीच. दुप्नित्सात गाव आणि क्लब मिळून एकाच माणसाचे खरे आणि खोटे नाव वाटून घेतलेले. म्हणून त्या काळच्या युरोपियन स्पर्धांच्या नोंदींत ‘मारेक स्टांके दिमित्रोव्ह’ असा उल्लेख सापडतो. अजाण वाचकाला तो एखाद्या खेळाडूचे नाव वाटावा.

आता या क्लबच्या खऱ्या वैभवाच्या काळाकडे यायचे तर आधी बल्गेरियन फुटबॉलमधली तेव्हाची उतरंड सांगायला हवी. ती कळली नाही तर पुढचे यश नुसते नशिबाचे वाटेल. वरती दोन क्लब होते. एक सीएसकेए, म्हणजे लष्कराचा संघ. दुसरा लेव्स्की, जो त्या वर्षांत ‘लेव्स्की-स्पार्ताक’ या नावाने गृहखात्याच्या पंखाखाली होता. कागदोपत्री सगळे खेळाडू हौशी. प्रत्यक्षात ते कोणत्या ना कोणत्या आस्थापनेच्या पगारपटावर असत आणि काम फुटबॉलचेच करत. लष्करी सेवा सक्तीची असल्याने सीएसकेएच्या हाती तर हुकमाचा एक्का होता. प्रांतातल्या एखाद्या क्लबमध्ये बरा मुलगा दिसला की लष्करी सेवेच्या निमित्ताने तो लष्कराच्या संघात यायचा, आणि पुष्कळदा तिथेच राहायचा. अशा व्यवस्थेत चाळीस हजारांच्या घरातल्या लोकवस्तीच्या गावाने चांगला संघ तीन-चार वर्षे एकत्र टिकवणे हेच मोठे काम होते. मारेकने सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते करून दाखवले. संघ बहुतेक त्याच परिसरातल्या मुलांचा; परदेशी खेळाडू आणण्याचा तर त्या काळी प्रश्नच नव्हता. प्रशिक्षक यांको दिन्कोव्ह.

1976-77 च्या हंगामात ‘अ’ गटात, म्हणजे देशातल्या सर्वोच्च साखळीत, लेव्स्की पहिला आला, सीएसकेए दुसरा आणि मारेक तिसरा. गृहखाते, लष्कर आणि त्यांच्यामागे तंबाखूचे गाव. तिसऱ्या क्रमांकामुळे युएफा कपचे दार उघडले.

पहिल्या फेरीत समोर आला हंगेरीचा फेरेन्त्स्वारोश. हा काही साधा संघ नव्हे. दोनच वर्षांपूर्वी, 1975 मध्ये, तो युरोपियन कपविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. मारेकने त्याला आपल्या बोंचुक मैदानावर 3-0 असे हरवले आणि बुडापेस्टमध्ये 0-2 अशी हार घेऊन, एकूण 3-2 ने, पुढची फेरी गाठली. बाहेरच्या माणसांना हा निकाल अपघात वाटला असेल. गावाला तो तसा वाटण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या फेरीत नाव निघाले बायर्न म्युनिकचे. 1974, 1975 आणि 1976, सलग तीन वर्षे युरोपचा विजेता ठरलेला क्लब. सेप मायर, गेर्ड म्युलर, तरुण रुमेनिगे यांचा. 1977 च्या ऑक्टोबरात म्युनिकला पहिला सामना झाला आणि बायर्नने तो 3-0 असा जिंकला. परतीचा सामना 2 नोव्हेंबरला दुप्नित्सात. तीन गोलांची पिछाडी भरून काढणे व्यवहारात अशक्यच होते. तरी मारेकने तो सामना 2-0 असा जिंकला. गोल करणारे इव्हान पेत्रोव्ह आणि व्हेन्त्सिस्लाव्ह पेत्रोव्ह. आडनाव एकच, बल्गेरियात पेत्रोव्ह हे आडनाव पैशाला पासरी आहे. आणखी एक गोल झाला असता तर सामना जादा वेळेत गेला असता. तो झाला नाही, आणि एकूण 2-3 ने मारेक स्पर्धेबाहेर पडला. पहिल्या फेरीत ज्या आकड्यांनी तारले त्याच आकड्यांनी दुसऱ्या फेरीत बुडवले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण स्मरणिकांमधल्या इतिहासात ती सहसा गाळली जाते. तो बायर्न तीन वर्षांपूर्वीचा बायर्न नव्हता. बेकेनबाउअर त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडे निघून गेला होता. जर्मन साखळीत त्या हंगामाअखेर बायर्न बाराव्या क्रमांकावर राहिला आणि युएफा कपमधूनही पुढच्याच फेरीत आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्टने त्याला बाहेर काढले. म्हणजे मारेकने ढासळू लागलेल्या बुरुजाला धडक दिली होती. पण मग असे पाहा: त्याच ढासळत्या संघाने म्युनिकमध्ये मारेकला तीन गोलांनी हरवले होते. बुरुज खालून कमजोर झाला होता, मातीचा झालेला नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तरी 2-0 हा निकाल लहान होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात क्लबने त्याच्या इतिहासातले एकमेव मोठे विजेतेपद मिळवले. राष्ट्रीय कपचे तेव्हाचे नाव ‘सोव्हिएत सैन्याचा कप’. 1978 च्या अंतिम सामन्यात मारेकची गाठ सीएसकेएशी पडली. याच सीएसकेएने 1973 मध्ये आयाक्सला युरोपियन कपातून बाहेर काढले होते, तेही आयाक्स सलग तीन वर्षांचा विजेता असताना. सैन्याच्या नावाचा कप, समोर सैन्याचा संघ, आणि कप घेऊन गेले दुप्नित्सा. निकाल 1-0. समाजवादी राजवटीत विनोद जपून करावे लागत, पण हा विनोद धावफलकावरच लिहिला गेला होता.

कप जिंकल्यामुळे 1978-79 मध्ये कपविजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेत प्रवेश मिळाला. यावेळी पाहुणा होता स्कॉटलंडचा ॲबर्डीन. त्यांचा नवा प्रशिक्षक छत्तिशीतला, अजून फारसे नाव नसलेला, त्याच उन्हाळ्यात कामावर रुजू झालेला. नाव ॲलेक्स फर्ग्युसन. 13 सप्टेंबर 1978 रोजी बोंचुकवर झालेला सामना हा फर्ग्युसनचा प्रशिक्षक म्हणून पहिला युरोपियन सामना. मारेकने तो 3-2 असा जिंकला. पुढे दोनदा युरोपचा विजेता संघ घडवणाऱ्या या माणसाची युरोपातली सुरुवात रिलाच्या पायथ्याशी, पराभवाने झाली. पण त्या पराभवातले दोन गोल ॲबर्डीनला मोलाचे होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर केलेले गोल जड धरले जात, म्हणजे परतीच्या सामन्यात त्यांना 1-0 असा विजयही पुरणार होता. ॲबर्डीनने तिकडे 3-0 असे हरवले आणि 5-3 ने पुढे गेला. पाच वर्षांनी, 1983 मध्ये, याच फर्ग्युसनच्या ॲबर्डीनने बायर्नला आणि मग अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवून हीच स्पर्धा जिंकली. जाता जाता: 2008 मध्ये फर्ग्युसनने मँचेस्टर युनायटेडसाठी दिमितार बेर्बातोव्हला घेतले, तो दुप्नित्साच्या शेजारच्या ब्लागोएव्हग्रादचा. त्या परिसराशी फर्ग्युसनचा संबंध असा दोन टोकांनी जुळतो.

मारेकच्या त्या दोन मोठ्या युरोपियन स्पर्धांचा हिशोब मांडून पाहिला की संस्थेचा स्वभावच समोर येतो. घरचे तीन सामने: 3-0, 2-0, 3-2. तिन्ही विजय. बाहेरचे तीन: 0-2, 0-3, 0-3. तिन्ही पराभव. घरी आठ गोल केले, बाहेर आठ गोल खाल्ले, आणि बाहेर एकही केला नाही. एवढे सरळ विभागलेले खाते क्वचितच सापडेल. आजच्यासारखे ध्वनिचित्रमुद्रण पाहून प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करण्याची सोय तेव्हा फारशी नव्हती. पश्चिमेकडच्या संघाला सोफियापर्यंत विमानाने, पुढे डोंगराच्या कडेकडेने रस्त्याने यावे लागे. समोर कोण खेळणार, ते कसे खेळतात, याची धड माहिती नाही. आणि गावात येऊन पाहावे तर कामकरी गाव आपले काम सोडून मैदानाभोवती जमलेले. सोळा हजार क्षमतेच्या मैदानाला चाळीस हजारांचे गाव, म्हणजे दर अडीच माणसांमागे एकाची जागा. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो असा असतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. हा संघ गावाबाहेर पडला की अर्धा राही. मोठा क्लब आणि चांगला क्लब यांतला फरक बहुधा इथेच असतो, आणि मारेक चांगला क्लब होता.

ऐंशीच्या दशकात ती पिढी थकली. तिची जागा भरणारे खेळाडू तयार झाले तरी राजधानीच्या संघांनी ते उचलले. मग वरच्या गटातून खालच्या गटात, पुन्हा वर, पुन्हा खाली, असे सुरू झाले. या चढउताराची वर्षवार जंत्री इथे देत नाही; ती वाचून कोणाला काही कळेल असे वाटत नाही.

1989 च्या नोव्हेंबरात तोदोर झिव्कोव्हची कम्युनिस्ट राजवट संपली. पाठोपाठ गावाने आपले जुने नाव परत घेतले. स्टांके दिमित्रोव्ह नकाशावरून गेला, दुप्नित्सा परत आले. क्लबने मात्र ‘मारेक’ सोडले नाही. खरे तर सोडायला निमित्त आयते होते. देशभर पुतळे हलवले जात होते, रस्त्यांच्या पाट्या बदलत होत्या. पण तोवर मारेक म्हटले की लोकांना विमान अपघातात गेलेला पुढारी आठवत नव्हता, बायर्नविरुद्धचे दोन गोल आठवत होते. पुढाऱ्याचे नाव खेळाडूंनी कमावून आपले करून घेतले होते. पुढे गावाच्या व्हॉलीबॉल संघानेही हेच नाव लावले, म्हणजे आता ते फुटबॉलपुरतेही राहिलेले नाही.

नाव राहिले, पण ज्यावर क्लब चालत होता तो आधार गेला. सरकारी उद्योग विकले गेले किंवा बंद पडले. खेळाडूंना पगारपटावर ठेवणारे कारखाने स्वतःच्या कामगारांना पगार देण्याच्या पंचाईतीत आले. बल्गेरियातल्या छोट्या गावांचे क्लब त्यानंतर दोनच गोष्टींवर चालले: नगरपालिकेची मदत आणि एखाद्या धनिकाची हौस. नगरपालिकेकडे मैदान असते, पैसा बेताचाच असतो. धनिकाकडे पैसा असतो, पण हौस कधी संपेल ते सांगता येत नाही.

ही दुसरी, धनिकाच्या हौसेची वाट काही गावांनी कशी चोखाळली ते पाहण्यासारखे आहे. उत्तरेकडच्या लोव्हेच गावाच्या लितेक्सने 1998, 1999, 2010 आणि 2011 अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे घेतली. डिसेंबर 2015 मध्ये लेव्स्कीविरुद्धच्या सामन्यात त्यांचा संघ मैदान सोडून निघून गेला, साखळीतून बाहेर काढला गेला, आणि पुढच्या वर्षी मालकाने आपले बळ सीएसकेएच्या पाठीशी लावले. लोव्हेचच्या हाती खालच्या गटातला संघ उरला. याउलट ईशान्येकडचे राझग्राद, तेही दुप्नित्साएवढेच गाव. तिथल्या लुदोगोरेत्सने 2012 पासून एकामागून एक राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली आणि रेआल माद्रिद, लिव्हरपूलसारख्या संघांशी चॅम्पियन्स लीगमध्ये सामने खेळले. पण त्या संघात ब्राझीलचे खेळाडू भरपूर आणि मागे औषध उद्योगातला पैसा. तो संघ राझग्रादमध्ये असतो. राझग्रादचा आहे का, यावर बल्गेरियात आजही वाद होतो. मारेकच्या 1977 च्या संघाबद्दल असा वाद कोणी घातला नाही.

नव्या काळात मारेकचा सगळ्यात बरा टप्पा 2001 ते 2008. सलग सात हंगाम वरच्या साखळीत. त्या वर्षांत क्लब इंटरटोटो कप या उन्हाळी स्पर्धेतही उतरला. 2002 मध्ये वेल्समधल्या केरसूस नावाच्या खेड्याच्या संघाला त्याने हरवले, आणि 2003 मध्ये जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गकडून हार घेतली. इंटरटोटो म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या वऱ्हांड्यात मांडलेली पंगत, असे त्या काळी लोक चेष्टेने समजत. पण युरोपच्या दारात पुन्हा एकदा पाऊल पडले होते हे खरे.

2008 मध्ये घसरण झाली आणि ती पहिल्या पायरीवर थांबली नाही. थोड्याच वर्षांत क्लब हौशी गटांत जाऊन पोचला. तिथून सावरून 2014 मध्ये पुन्हा सर्वोच्च साखळीत आला, आणि एका हंगामात परत खाली गेला; सोबत हास्कोव्होचा संघ होता. नंतरची बरीच वर्षे नैर्ऋत्य विभागाच्या तिसऱ्या लीगमध्ये गेली, अधूनमधून दुसऱ्या लीगची पायरी चढण्या-उतरण्यात गेली.

तिसरी लीग म्हणजे काय, हे वरच्या फुटबॉलवर पोसलेल्या वाचकांना सांगायला हवे. देशाचे चार विभाग, प्रत्येकाची वेगळी साखळी: वायव्य, ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य. त्यात एकेकाळी युरोप गाजवलेले संघ आणि ज्यांच्या गावाचे नाव शेजारच्या जिल्ह्यालाही ठाऊक नाही असे संघ एकाच तक्त्यात असतात. सामने शनिवार-रविवारी, दुपारी. संघ सकाळी बसने निघतो आणि रात्री परततो. बहुतेक खेळाडूंना दुसरी नोकरी असते. तिकीट असलेच तर किरकोळ रकमेचे. दूरदर्शनचा पैसा या पायरीपर्यंत झिरपत नाही. प्रेक्षकांत म्हातारे अधिक, कारण गावातच म्हातारे अधिक. 1989 मध्ये सुमारे नव्वद लाख लोकसंख्येचा हा देश 2021 च्या जनगणनेत पासष्ट लाखांवर आला. गेलेल्यांत तरुण जास्त. दुप्नित्साची वस्ती आता तीस हजारांच्या आसपास आहे. सोफिया तासाभरावर असल्याने उरलेल्या तरुणांपैकीही पुष्कळांचे काम आणि मन राजधानीत. ज्या जवळिकीने एकेकाळी खेळाडू ओढून नेले तीच आता प्रेक्षक ओढून नेते.

असे असूनही मारेक बंद पडून नाहीसा झालेला नाही. शेजारच्या कुस्तेंदिलचा वेल्बाझ्द नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस वरच्या साखळीत चमकला आणि 2001 मध्ये सोफियाच्या लोकोमोतिव्हमध्ये विलीन होऊन गेला. तशी वेळ मारेकवर येऊ शकली असती. प्रत्येक वेळी कोणीतरी, कधी पालिकेतले, कधी जुने खेळाडू, कधी गावातले उद्योजक, पुन्हा कागदपत्रे करून, संघ नोंदवून, अगदी खालच्या पायरीवरून सुरुवात करते. बायर्नविरुद्धच्या विजयाचा फोटो भिंतीवर लावायला फार कष्ट लागत नाहीत. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधी अठरा खेळाडू, एक बस, पंचांचे मानधन आणि मुलांच्या संघांसाठी चेंडू यांची तजवीज करायला लागतात. माझ्या मते या क्लबच्या शंभराहून अधिक वर्षांतले खरे कर्तृत्व या दुसऱ्या प्रकारच्या कष्टांचे आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

म्हणून एक विनंती, मारेकच्या माणसांना आणि कोणत्याही छोट्या क्लबची स्मरणिका काढू पाहणाऱ्यांनाही. 1977 साली पंचवीस वर्षांचा असलेला खेळाडू आज सत्तरी ओलांडून गेला आहे. मैदान राखणारे, बस चालवणारे, तिकिटाच्या खिडकीत बसणारे त्याहून मोठे होते. निकाल आणि तारखा युएफाच्या दप्तरात सुरक्षित आहेत. घरी जिंकणारा आणि बाहेर हरणारा तो संघ रोज कसा चालत होता, कोण कुठल्या कारखान्यातून सुटून सरावाला येत होता, हे दप्तरात नाही. ते सांगू शकणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावे.